बारा मिनिटांची साक्ष

टोगोमध्ये मोटारसायकलवर तिघं बसतात. चौथा बसला तरी कुणी वळून बघत नाही.

चर्चच्या फॉर्ममध्ये एक रकाना असतो: किती जणांनी प्रभूला स्वीकारलं. तो आकड्यात भरायचा.

आमच्या क्लेमेंटीच्या फ्लॅटमध्ये बुद्धमूर्तीशेजारी बाबासाहेबांचा फोटो आहे. त्याखाली वायफायचा राउटर.

जालन्याजवळच्या एका खेड्यात, छप्पन साली, सोळा वर्षांच्या सुनेने घरातले देव टोपलीत भरले.

वीतभर लाकूड मोज्यात गुंडाळून बॅगेत ठेवलं, तर विमानतळावर कुणी काही विचारत नाही.

*

आता ओळीने सांगतो.

मी प्रबोध, वय सव्वीस. युनिव्हर्सिटीत असताना मित्राबरोबर चर्चला जायला लागलो, तिथेच बाप्तिस्मा घेतला. मग चांगी विमानतळाजवळच्या बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत दोन वर्षं सॉफ्टवेअर तपासलं. मग नोकरी सोडली आणि चर्चतर्फे चौदा महिने टोगोला गेलो, खेड्यांत प्रचार करायला. पप्पा, म्हणजे रावसाहेब, विमानतळावर आले आणि एवढंच म्हणाले, "मलेरियाच्या गोळ्या घेतल्यास का?" घेतल्या होत्या.

*

आंब्याच्या झाडाखाली शाळेतले बाक आणून मांडायचे. मी इंग्रजीत एक वाक्य बोलायचो. माझा दुभाषा कोफी ते एवे भाषेत सांगायचा. माझं वाक्य छोटं, त्याचं लांब. मी काही गमतीचं बोललेलो नसताना लोक हसायचे.

"काय सांगितलंस त्यांना?"

"तू म्हणालास तेच. थोडं मीठ घातलं."

पोरं मला योवो म्हणायची. योवो म्हणजे गोरा. जालन्याची आजी मला काळ्या म्हणायची. चौदा महिने मी गोरा होतो.

लोक पाणी द्यायचे, बसायला द्यायचे, शेवटपर्यंत ऐकायचे आणि उठून जायचे. एका म्हाताऱ्याने विचारलं, "तुझ्या देशात सगळे येशूचे का?" मी नाही म्हटलं. "मग तिथलं काम कोण करतंय?" तो खवचटपणे बोलत नव्हता. त्याला खरंच काळजी वाटली होती.

पहिले तीन महिने रकान्यात शून्य. व्हिडिओ कॉलवर पास्टर म्हणायचे, "काही हरकत नाही ब्रदर, आम्ही प्रार्थना करतोय." त्यांच्या मागे आमच्या टीमच्या इतर देशांतल्या लोकांचे आकडे फळ्यावर लिहिलेले दिसायचे.

*

अब्लावी रस्त्याच्या कडेला कंदाचे काप तळून विकायची. तिला जुळ्या मुली झाल्या होत्या. एक तीन महिन्यांची होऊन गेली. दुसरी चार वर्षांची, सतत पायात घुटमळणारी.

तिकडे जुळ्यांतलं एक गेलं की त्याच्या नावाने लाकडाची वीतभर बाहुली कोरून घेतात. जिवंत मुलीला भरवलं की बाहुलीच्याही तोंडाला घास लावायचा. एकीला झोपवलं की दुसरीलाही शेजारी निजवायचं. अब्लावी काप तळताना बाहुली कमरेच्या कापडात खोचून ठेवायची.

मी सहा आठवडे तिच्या मागे लागलो. ही मूर्ती आहे. मूर्ती ठेवून प्रभूकडे येता येत नाही.

दर वेळी कोफी तिचं तेच उत्तर आणून द्यायचा. "ती म्हणते, ही मूर्ती नाही. ही तिची धाकटी आहे."

यावर काय बोलायचं ते मी शोधलं. ट्रेनिंगच्या वहीत नव्हतं. मग मी तिला मीराबाईची गोष्ट सांगितली.

*

मीराबाई म्हणजे माझी आजी. पप्पांची आई. गोष्ट पप्पांची आहे, ते सांगायचे तशीच मी सांगितली: दीक्षा घेतल्यावर घरातले देव काढायचे ठरलं. खंडोबाचा टाक, मरीआई, सगळे. सासू टोपलीला हात लावेना, म्हणून नव्या सुनेने टोपली डोक्यावर घेतली. ती एकटी दुधना नदीवर गेली. टोपली पाण्यात पालथी केली, पदराला हात पुसले आणि घरी येऊन भाकरी टाकल्या. वाटेत एकदाही वळून पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला. कुणाला काही झालं नाही.

अब्लावी तळण थांबवून ऐकत होती. तेल करपलं.

कोफीने मला हळूच विचारलं, "म्हणजे तुझी आजी ख्रिस्ती झाली?"

मी मान हलवली. हो अशी हलली की नाही अशी, ते त्याने ठरवावं इतपत.

दुसऱ्या दिवशी अब्लावी बाहुली घेऊन आली.

*

तिच्यामागून महिनाभरात आणखी अकरा जण आले. रकान्यात मी बारा लिहिलं.

त्यांनी आणून दिलेल्या पूजेच्या सगळ्या वस्तूंचा आम्ही ढीग करून पेटवला. अब्लावी बघायला आली नाही. कोफीमार्फत मी तिला सांगितलं, जळाली.

बाहुली माझ्या बॅगेत होती. पास्टरांचा मेसेज आला होता: मिशन संडेला तू साक्ष देशील, त्यासाठी एखादी वस्तू घेऊन ये, डोळ्यांनी दिसलं की लोकांना पटतं.

*

मी घरी परतलो त्या दिवशी आई माझ्या बॅगेतले कपडे मशिनमध्ये टाकत होती.

"प्रबोध, ही कुणाची रे बाहुली?"

"तिकडची आहे. राहू दे."

"तोंड बघ की हिचं. नाक नाही, ओठ नाहीत. सगळं झिजलंय." आईने अंगठा फिरवला. "बाकी अंग बरं आहे. तोंडच कसं झिजलं?"

"भरवून."

"कुणी भरवून?"

मी सांगितलं. आईचं नाव नीता. ती एरवी प्रश्नावर प्रश्न विचारते. त्या दिवशी बाहुली मशिनवर ठेवायला गेली, मग मशिन सुरू होतं म्हणून उचलून सोफ्यावर ठेवली. मग सोफ्यावरून आत नेऊन माझ्या उशीवर ठेवली.

*

जेवताना पप्पांनी विचारलं, "बाहुली दिली कशी त्या बाईने?"

"समजावलं."

"काय समजावलंस? मलाही कळू दे. मी तुला सव्वीस वर्षं समजावतोय, एक गोष्ट ऐकली नाहीस."

"अहो, जेवू द्या त्याला," आई म्हणाली.

"जेवतोयच की तो. पोटात जागा आहे त्याच्या."

मी सांगून टाकलं. आजीची गोष्ट सांगितली म्हणून.

पप्पांनी घास ताटात ठेवला. मला वाटलं, ओरडतील. धर्म बदलला तेव्हाही ओरडले नव्हते. तेव्हा म्हणाले होते, आपल्या घरात बदलायचा हक्क मिळवलेला आहे, तू वापरलास, मला दुःख आहे पण हक्क तुझा.

"ते देव कोण होते, माहितेय तुला?" ते म्हणाले. "ज्यांच्या देवळाची पायरी आपल्याला चढू देत नव्हते, ते देव. पिढ्यान् पिढ्या आपण त्यांच्यापुढे बाहेरून हात जोडले. आजीने टाकलं ते त्यांना. आता मला सांग, त्या बाहुलीने त्या बाईला कुठल्या पायरीवरून हाकललं होतं?"

"पप्पा, तसं नाही—"

"कसं आहे मग? कसं आहे ते सांग."

आईने मला आणखी वरण वाढलं. मी नको म्हटलं नव्हतं आणि हवंही म्हटलं नव्हतं.

*

कोफीचा व्हॉइस मेसेज, बुधवारी. मागे कोंबडे ओरडतायत.

"ब्रदर प्रबोध, इकडे सगळं ठीक. अब्लावी रोज येऊन प्रार्थनेची जागा झाडते. काल तिने मला विचारलं, जळताना ती रडली का? मी सांगितलं, नाही. मग म्हणाली, जळली नसती तर बरं झालं असतं, आणि असं वाटणं हे पाप आहे का? याचं उत्तर मला येत नाही. तू कळव."

मी तो पप्पांना ऐकवला. का ऐकवला, माहीत नाही. पास्टरांना ऐकवायला हवा होता.

पप्पांनी दोनदा ऐकला. इंग्रजी त्यांना पहिल्या वेळीच कळलं होतं.

"रविवारी बोलणार आहेस ना तू?"

"बारा मिनिटं."

"मग तिथेच सांग. जाळली नाही, खोटं बोललो, आणि बाहुली तिची तिला परत देतो."

"सगळ्या चर्चसमोर?"

"खोटं कुणासाठी बोललास? त्यांच्यासाठीच ना?"

"मग मला परत नाही पाठवणार ते, पप्पा."

"नाही पाठवणार." त्यांनी फोन मला परत दिला. "तिला मात्र तिची पोर मिळेल. मी येतो ऐकायला."

पप्पा चर्चमध्ये कधी आले नव्हते. माझ्या बाप्तिस्म्यालाही नाही. मी कोफीला उत्तर लिहिलं: रविवारनंतर कळवतो.

*

रविवार. सेरंगूनमधल्या एका इमारतीचा चौथा मजला. एसी इतका की बायकांनी स्वेटर घातलेले.

पप्पा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. दारातल्या मुलीने हसून त्यांच्या खिशावर स्टिकर लावला: पहिल्यांदाच आलो आहे. ते शेवटच्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर बसले.

स्टेजवर छोटं टेबल, काळं कापड, त्यावर बाहुली. पुढे कार्ड: अंधारातून उजेडात. शनिवारी पास्टरांनी मागितली आणि मी नेऊन दिली. तेव्हा मनाशी म्हटलं होतं, उद्या सांगायचंच आहे, तेव्हा ती समोर असलेली बरी.

स्टेजसमोर जमिनीवर लाल आकड्यांचं घड्याळ. १२:००.

११:४० रस्ते, मोटारसायकल, लोक हसले.

०९:१५ योवो. आणखी हसले.

०७:३० शून्याचे तीन महिने. एक बाई डोळे मिटून हो हो करत होती.

०५:०० अब्लावी. नाव घेतलं. मागे पडद्यावर तिचा फोटो आला, कढईसमोर. फोटो मी दिला होता. तिला विचारलं नव्हतं.

०३:२० इथे सांगायचं होतं. वाक्य तयार होतं. रात्री पाठ केलं होतं: मला तुम्हा सगळ्यांपुढे एक कबुली द्यायची आहे.

०३:०५ कुणीतरी खोकलं.

०२:५० पास्टर पहिल्या रांगेत मान डोलावत होते, चांगलं चाललंय अशी.

०२:४० मी म्हणालो, "माझ्या आजीनेसुद्धा घरातल्या मूर्ती नदीत टाकल्या होत्या. तिने वळून पाहिलं नाही."

टाळ्या. आमेन. लोक उभे राहिले. थांबून सांगता आलं असतं, की ती ख्रिस्ती झाली नव्हती, ती कुणाला शरण गेली, कुठल्या देवांना तिने टाकलं. दोन मिनिटं होती. दोन मिनिटांत ते सगळं बसतं. मी घड्याळ पाहिलेलं आहे.

पास्टर स्टेजवर आले, मला मिठी मारली, माइकवर म्हणाले, "पिढ्यान् पिढ्यांचा विश्वास!" आणि जाहीर केलं की पुढच्या वर्षी ब्रदर प्रबोध बेनिनला जातोय.

उभ्या माणसांमागे पप्पा दिसत नव्हते. सगळे बसले तेव्हा दिसले. ते बसूनच होते. खिशावरचा स्टिकर नखाने सोलत होते, फाटू न देता.

बाहुली कॉरिडॉरमधल्या काचेच्या कपाटात ठेवायची ठरलं. किल्ली ऑफिसमध्ये असते. मी मागितली नाही.

*

परतताना बुओना व्हिस्टा स्टेशनवर मेट्रो बदलली. दोघांनाही बसायला जागा मिळाली, समोरासमोर. पप्पा माझ्या मागच्या काचेतून इमारती बघत असावेत असं वाटलं, पण ते माझ्याकडे बघत होते.

"आजीचं नाव तरी घ्यायचं होतंस," ते म्हणाले.

"पप्पा, मी पास्टरांना नंतर एकट्यात—"

"त्या बाईचं घेतलंस. मीराबाईचं नाही घेतलंस. का? नाव घेतलं असतं तर कुणी विचारलं असतं, कोण ती?"

क्लेमेंटी आलं. ते उतरले. मी मागून उतरलो. एस्कलेटरवर ते माझ्या दोन पायऱ्या पुढे होते आणि वर पोचेपर्यंत तेवढेच पुढे राहिले.

घरी आईने विचारलं, "काय झालं? सांगितलंस?"

पप्पा चप्पल काढत म्हणाले, "छान बोलला. लोक उभे राहिले."

आईने माझ्या हातातल्या रिकाम्या पिशवीकडे पाहिलं आणि कुकर लावायला गेली.

कोफीच्या मेसेजखाली माझं उत्तर अजून तेच आहे. रविवारनंतर कळवतो. त्याने त्यावर अंगठ्याचा इमोजी टाकलाय.

*

मला द्यायला आणण्याआधी अब्लावीने बाहुलीला कोमट पाण्याने आंघोळ घातली होती, अंगाला तेल लावलं होतं, आणि तिने ती माझ्या हातात दिली तेव्हा ते तेल अजून ओलं होतं.