चाळिसाव्याआधी कापलेली नावं

ढाक्याच्या सरकारी खात्याचा हुकूम आला तेव्हा तोफायेल सौदागर समितीच्या कचेरीत मतपत्रिकांच्या गठ्ठ्याला सुतळी बांधत होते. निवडणुकीला सहा दिवस उरले होते. हुकूम एका पानाचा होता. नवाघाट सुकी मासळी व्यापारी समितीची निवडणूक रद्द, कार्यकारिणी बरखास्त, कारभार पाहायला सरकारी प्रशासक. कारण एकाच ओळीत दिलं होतं : निवडणूक मंडळाच्या अध्यक्षाने मृतांची नावे हेतुपुरस्सर ठेवून बनावट मतदारयादी तयार केली.

अध्यक्ष म्हणजे तेच. त्यांनी ती ओळ तीनदा वाचली. ‘हेतुपुरस्सर’ हा शब्द खरा होता, त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. ‘बनावट’ मात्र घशाखाली उतरेना. त्याहूनही एक गोष्ट सलत राहिली. हे लिहिण्याआधी कुणी आपल्याला एका शब्दानं विचारलं नाही. एक चिठ्ठी नाही, एक फोन नाही.

घाटावरची रीत जुनी होती. दुकानदार वारला की चाळिसाव्या दिवसाचा विधी, म्हणजे चाळिसावा, होईपर्यंत त्याच्या गादीवर कुणी बसायचं नाही. मुलगा शेजारी स्टूल टाकून धंदा करतो. तोवर समितीच्या यादीतलं नावही कापायचं नाही. चाळिसाव्याची मेजबानी झाली, बाजार जेवून उठला, की वडीलधारी माणसं मुलाला हाताला धरून गादीवर बसवतात आणि मग यादीत त्याचं नाव चढतं. मध्येच निवडणूक आली तर मुलगा बापाच्या नावानं मत देतो. यंदाच्या थंडीत तीन सौदागर गेले. त्यातले एक एयाकुब, ज्यांच्या दुकानाची आणि तोफायेलच्या दुकानाची भिंत चाळीस वर्षं एकच होती. तिघांचाही चाळिसावा व्हायचा होता, म्हणून दोनशे बारा नावांत ही तीन नावं तोफायेलनी राहू दिली.

तक्रार केली होती नुरुल अबसारनं. तो समितीच्या अध्यक्षपदाला उभा होता आणि वारं त्याच्या बाजूनं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो चहाच्या टपरीवर भेटलाच.

“काय रे अबसार, तुझे वडील गेले त्या साली निवडणूक होती. त्यांच्या नावानं मत कुणी दिलं?”

“तेव्हा मी पोरगा होतो, बद्दा.”

“चौतीस वर्षांचा पोरगा! दाढी होती की तुला!”

बाकावरचे लोक हसले. अबसारनं बेला बिस्कीट चहात बुडवलं. “तुमच्यावर माझा राग नाही, बद्दा. थोरल्या भावासारखे तुम्ही, म्हणून तर बद्दा म्हणतो. पण कायदा तो कायदा. मेलेला माणूस कधी मत देतो का?”

“मग मला येऊन सांगायचंस. माझं दुकान तुझ्यापासून अकरा पावलांवर. ढाक्याला कशाला लिहिलंस?”

अबसार कपावर फुंकर घालत राहिला. चहा फार गरम होता.

मंगळवारी सकाळच्या गाडीनं तोफायेल ढाक्याला गेले. समितीच्या वतीनं हायकोर्टात अर्ज करणारी वकील शर्मिष्ठा बरुआ त्यांच्याच गावची, चट्टग्रामची. साबणानं दोनदा अंघोळ करूनही बोंबलाचा वास त्यांच्या सदऱ्यातून गेला नव्हता. ते तिच्या कचेरीत आले तसा कारकून खिडकी उघडायला उठला.

“राहू दे बंद,” शर्मिष्ठा म्हणाली, “मला घरची आठवण येते. बसा, चाचा.”

तिनं प्रतिज्ञापत्र पुढे ठेवलं. चौथ्या परिच्छेदात लिहिलं होतं, ‘तीन नावे नजरचुकीने राहून गेली.’

“नजरचूक नव्हती, मा.” लेकीच्या वयाच्या बाईला ते ‘मा’च म्हणत.

“ठाऊक आहे मला. पण मुद्दाम ठेवली म्हणालात तर सरकारी वकील तेवढंच वाक्य धरून बसतील. अर्ज फेटाळला तर प्रशासक वर्षभर हलायचा नाही. तुमच्यावर खटलाही होईल. या वयात कोर्टाच्या पायऱ्या झिजवणार?”

“आणि नजरचूक म्हटलं तर?”

“तर तुम्हाला कुणी फारसं विचारणार नाही.”

तोफायेलनी चौथा परिच्छेद बोट फिरवत पुन्हा वाचला. लोकांसमोर बोलायचा त्यांना जन्माचा धाक. बाजाराच्या सभेतही ते मागच्या रांगेत बसत. “तेच तर झालंय ना, मा,” ते शेवटी म्हणाले. “कुणी विचारलंच नाही. आता मीच न विचारण्याची सोय कशी करून देऊ?”

शर्मिष्ठानं कपाळावर हात मारला आणि मग पेन उचललं. “जे झालं तसंच लिहिते. माझ्या सिनियरना मात्र सांगू नका, हार्ट अटॅक येईल त्यांना.”

बुधवारी दुपारी अर्ज पुकारला गेला. सरकारी वकिलांनी चौथाच परिच्छेद वाचून दाखवला. “माय लॉर्ड, यांनी कबूलच केलंय! आणखी काय ऐकायचं राहिलं?”

ज्येष्ठ न्यायमूर्तींनी चष्म्यावरून पाहिलं. “हे गृहस्थ इथे आहेत?”

तोफायेल उभे राहिले. समोरच्या बाकाची कड त्यांनी धरली.

“एयाकुब सौदागर वारले आहेत, हे यादी करताना तुम्हाला माहीत होतं?”

“मी खांदा दिला होता, साहेब.”

न्यायमूर्तींनी पेन खाली ठेवलं. “मग नाव का ठेवलंत?”

“चाळिसावा झाला नव्हता. आमच्याकडे त्याआधी नाव कापत नाहीत. माझं चुकलं असेल. पण लपवलं नाही मी, साहेब. यादी तीन आठवडे कचेरीच्या दारावर लावली होती. सगळ्यांनी वाचली.”

न्यायमूर्ती सरकारी वकिलांकडे वळले. “हुकूम काढण्यापूर्वी खात्यानं यांना नोटीस दिली होती?”

“तातडीची परिस्थिती होती, माय लॉर्ड.”

“विचारलं असतंत तर एवढं साधं उत्तर तुम्हाला खात्यात टेबलाशी बसूनच मिळालं असतं.”

निर्णय तिथेच सांगितला गेला. ज्याच्यावर ठपका ठेवायचा त्याचं आधी ऐकायला हवं. ते झालं नाही, म्हणून हुकमाला स्थगिती. समितीनं आपली निवडणूक ठरल्याप्रमाणे शनिवारीच घ्यावी. मात्र कायद्याला चाळिसावा ठाऊक नाही. मतदानापूर्वी तीनही नावं यादीतून काढावीत.

बाहेर व्हरांड्यात शर्मिष्ठाचा चेहरा फुलला होता. “जिंकलो, चाचा!”

“तो शब्द गेला का? बनावट?”

तिचा आवाज खाली आला. “गेला नाही, थांबलाय. यादी खरी की खोटी, हे कोर्टानं आज ठरवलंच नाही. खातं पुन्हा नोटीस काढू शकतं.”

“म्हणजे तेव्हा विचारतील?”

“तेव्हा विचारावंच लागेल.”

तोफायेलनी मान हलवली.

गुरुवारी ते कचेरीत यादी घेऊन बसले. पट्टी ठेवली, पेनाचं टोपण काढलं आणि एयाकुबच्या नावापाशी हात थबकला. कोर्टाचा हुकूम हाती होता. एक सरळ रेघ ओढली की काम संपलं. पण एयाकुबच्या घरी कुणाला याची वार्ताही नव्हती. त्यांनी टोपण लावलं, यादी बगलेत मारली आणि निघाले.

पहिल्या दोन घरांनी ऐकून घेतलं, चहा दिला, “अल्लाची मर्जी” म्हटलं. एयाकुबचा मुलगा मिनहाज मात्र दुकानात स्टुलावरून उठला.

“अब्बांना जाऊन तीस दिवस झालेत, चाचा. तीस! आणखी दहा दिवस त्यांना या बाजारात राहू देणार नाही तुम्ही?”

“हुकूम आहे, बाळा.”

“हुकूम तर खात्याचाही होता. त्याविरुद्ध ढाक्याला गेलात ना? अब्बांसाठी कोण जाणार?”

तोफायेल रिकाम्या गादीकडे पाठ न करता, वाकटीच्या पोत्यावर टेकले. मिनहाज बोलत राहिला. बापाच्या आजारपणाबद्दल बोलला, अबसारबद्दल बोलला, घाटावरच्या भेकड म्हाताऱ्यांबद्दल बोलला, आणि त्यात कुणाला धरलंय हे उघड होतं. तोफायेलनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. समोरच्या दुकानातली गिऱ्हाइकं बघायला लागली तरी ते हलले नाहीत.

शेवटी मिनहाज धाप लागून थांबला. “तुम्ही काहीच का बोलत नाही?”

“तुझं ऐकायला आलो होतो.”

“ऐकलंत. आता?”

“आता कापावं लागेल.”

त्यांनी यादी गुडघ्यावर पसरली आणि त्याच्या देखत, नाव वाचता येईल अशी बारीक रेघ ओढली. रेघ शेवटी थोडी खाली गेली. मिनहाजनं तोंड फिरवलं नाही.

“शनिवारी मी येणार,” तो म्हणाला. “मत देता येणार नाही तर नाही. दाराशी उभा राहणार.”

“ये,” तोफायेल उठत म्हणाले. “खुर्ची ठेवतो.”