कारवीचा आडोसा

पौडच्या आमच्या ऑफिसावर पत्रे होते. चैत्र लागला की खाली बसलेला माणूस भाकरीसारखा दोन्ही अंगांनी भाजायचा. पंखा एकच, तोही साहेबांच्या खुर्चीवर. साहेब पुण्याहून फक्त मंगळवारी यायचे. बाकीचे दिवस पंखा रिकाम्या खुर्चीला वारा घालायचा, तोही वीज असली तर.

अठ्ठ्याहत्तर साली मी तिथं कारकून म्हणून लागले. त्याआधी पुरुषांनी सोपा उपाय काढला होता. दुपार झाली की शर्ट खुंटीला आणि बनियनवर काम. आता बाईमाणसासमोर तसं कसं बसायचं? हेडक्लार्क हैबतराव आणि कारकून जयसिंग गळ्यापर्यंत बटणं लावून निथळू लागले. मला कुणी वावगं बोललं नाही. पण हैबतराव टॉवेलनं मान पुसत रोज एकच पालुपद लावायचे.

"बाई, हितं तुमाला लई तरास हाय. पुण्याच्या ऑफिसात पंखेच पंखे हायेत. मंगळवारी सायबांना सांगून बदली करून टाकू."

माझ्या बदलीनं वारा कुणाला लागणार होता, हे न कळायला मी काही कुकुलं बाळ नव्हते. कुकुलं बाळ घरी होतं. जया, पाच महिन्यांची. तिला आईजवळ ठेवून यायचे आणि दुपारच्या सुट्टीत धावत जाऊन पाजून यायचे. पुण्याला जायचं म्हणजे पहाटेची एसटी आणि परत यायला दिवेलागण. तिनं दिवसभर काय प्यायचं?

सोमवारी दुपारी मी उभीच राहिले.

"हैबतराव, शर्ट काढा."

जयसिंगच्या हातातलं पेन खाली पडलं.

"माझे भाऊ आणि वडील शेतात उघडेच राबतात. मला त्याचं काही वाटत नाही. पण माझी बदली करू नका. लेक अंगावर पितीय माझी."

हैबतराव नव्या नवरीसारखे लाजले. मग भिंतीकडे तोंड करून त्यांनी एकेक बटण सोडलं. थोड्या वेळानं जयसिंग चक्क गुणगुणायला लागला. "बाई लई समजूतदार हायेत," असं सर्टिफिकेटही मला मिळालं. बदलीचं नाव निघेनासं झालं आणि मला वाटलं, जिंकले.

पण वैशाखात माझं दूध आटायला लागलं. जया ओढायची, चिडायची आणि रडून घर डोक्यावर घ्यायची. आईनं मेथी, अळीव, सगळं खाऊ घातलं. कारण मला ठाऊक होतं, पण सांगणार कुणाला? दिवसभर मी पाण्याला शिवत नव्हते. पुरुष मागच्या भिंतीला जायचे. मी कुठं जाणार? सुट्टीत घरी पोटभर प्यायलं तरी संध्याकाळपर्यंत पंचाईत व्हायची.

एका सोमवारी मला भोवळ आली आणि कपाळ टेबलावर टेकलं.

"बाईंना ऊन बाधलं, पानी आना!" हैबतराव ओरडले.

ऑफिसची झाडलोट करणाऱ्या गोजराबाईनं तांब्या आणला. मी ओठ ओले करून तो बाजूला सारला. माझं दूध आटल्याचं तिच्या कानावर होतं. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि मग ती त्या दोघांकडे वळली.

"तुमी कापडं काढून गार झाला. हिनं काय काढायचं? अन् पानी प्यायल्यावर हिनं जायाचं कुटं, तुमच्या भिंतीला? दूध आटलंय पोरीचं, आन् तुमी बसलाय वारं घेत!"

मला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. हैबतरावांनी शर्ट अंगात घातला, सगळी बटणं लावली आणि ते बाहेर पडले. मी मनाशी म्हटलं, संपलं. उद्या मंगळवार, बदली पक्की.

सकाळी पोचले तर ऑफिसामागं हैबतरावांची बैलगाडी उभी. रिहे गावच्या डोंगरातून कुडासाठी कारवीच्या काठ्या भरून आणल्या होत्या. ते स्वतः पहारीनं खड्डे घेत होते, जयसिंग कूड बांधत होता आणि गोजराबाई शेणमाती कालवत होती. तेवढ्यात साहेब आले.

"हे काय चाललंय? परवानगी कुणाची?"

"बाईंसाठी आडोसा हाय, सायेब." हैबतरावांनी पहार थांबवली नाही. "परवानगी मागाहून घिऊ. पोर तवर थांबनार न्हाई."

साहेब शेणमातीला वळसा घालून आत गेले.

पत्रे काही गार झाले नाहीत. पण मी तांब्यावर तांब्या रिचवू लागले. पुढं एका दुपारी जयानं पिता पिता आपणहून तोंड बाजूला केलं. ओठावरून दुधाचा ओघळ हनुवटीवर आला आणि ती तशीच झोपून गेली. तो ओघळ न पुसता मी नुसती बघत बसले.