पांढऱ्या थरावरचं हरीण

मळलेली वस्तू दिसली की गिरीशचे हात शिवशिवायचे. आयुष्यभर हीथ्रो विमानतळावर सामानाचे पट्टे फिरवणाऱ्या मशिन्सची देखभाल केली; रिटायर झाल्यावर लंडनमधल्या पिनरच्या घरातल्या दारांच्या बिजागऱ्याही त्याने सोडल्या नाहीत. या सवयीचं घरात कौतुक व्हायचं, चेष्टाही व्हायची. ती एक दिवस असा घात करील, हे मात्र कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

मार्चमध्ये त्याची एकुलती एक मुलगी गेली. अक्षरा. मेंदूत रक्तस्राव झाला आणि हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. ती मेडनहेडजवळच्या एका वर्कशॉपमध्ये जुन्या युरोपियन शिकारी बंदुकांवर कोरीवकाम करायची. गारगोटीने ठिणगी पाडून बार उडवणारं जे यंत्र बंदुकीच्या कुशीला बसवलेलं असतं, त्याला तिथे लॉक म्हणतात. त्याच्या बोटभर रुंद पोलादी पट्टीवर जुन्या कारागिरांनी अख्खं रान उभं केलेलं असायचं: हरणं, कुत्रे, झाडाआडचा शिकारी. एका जर्मन बंदुकीची अशी पट्टी गंजून गेली होती, आणि तिच्या जागी नवी करायचं काम अक्षराकडे आलं होतं. तिचं स्वतःचं असं हे पहिलंच काम. ती पट्टी तिने घरी आणली होती. ती गेल्यापासून पट्टी तिच्या टेबलावर कापडात गुंडाळलेली तशीच पडून होती.

गिरीशच्या बायकोने, स्वातीने, ते कापड एकदाही उलगडलं नव्हतं. धीरच होत नव्हता तिला. मग ऑक्टोबरात अक्षराच्या वर्कशॉपमधल्या म्हाताऱ्या मिस्टर प्रॉसरचा फोन आला. अक्षराचं हरीण मी माझ्या हाताने पूर्ण करीन, शुक्रवारी पट्टी न्यायला येतो, म्हणाले. त्या दिवशी स्वाती कितीतरी महिन्यांनी पोटभर जेवली.

"तिचं काहीतरी मागे राहील हो," ती म्हणाली. "ते शुक्रवारी येतील ना, तेव्हाच बघेन मी. त्यांच्यासमोर. एकटीने नाही बघवणार."

आणि शुक्रवारच्या आधी खंडेनवमी आली. दरवर्षी त्या दिवशी गिरीशचे नटबोल्टचे पाने नि अक्षराच्या कोरण्या शेजारी शेजारी पाटावर मांडल्या जायच्या, त्यांना हळदकुंकू लागायचं. यंदा घरात सण नाहीत, असं स्वातीने बजावून ठेवलं होतं. गिरीशला ते पटलंही होतं. पण सण आपल्याला नाही, हत्यारांनी कुणाचं काय घोडं मारलंय? पूजा नको, निदान पुसून तरी ठेवू, म्हणून स्वाती डॉक्टरकडे गेल्यावर तो अक्षराच्या खोलीत शिरला. कोरण्या पुसल्या. मग कापड उलगडलं.

पट्टीवर पांढुरका थर होता, दमट भिंतीवर धरतो तसा, आणि त्यातून करड्या रेघा दिसत होत्या. कोरलेलं हरीण मळाने बुजलंय, अशी त्याची समजूत झाली. शुक्रवारी स्वाती बघणार, तर ते लखलखीत दिसायला हवं. त्याने फडकं ओलं केलं आणि पट्टी पुसली.

सगळं एका हातासरशी निघालं. खाली पोलाद कोरं होतं. एक रेघ नाही, एक ओरखडा नाही.

कोरायच्या आधी पोलादाला पांढरा रंग फासून त्यावर पेन्सिलीने चित्र काढतात, हे अक्षराने त्याला कधीतरी जेवताना सांगितलं होतं. ते त्याला आत्ता आठवलं. पोरीच्या हातचं शेवटचं चित्र आपण फडक्याने पुसलं, हे कळलं तेव्हा तो तिच्याच खुर्चीत बसून ढसाढसा रडला. मग उठून पट्टी होती तशी गुंडाळून ठेवली. स्वातीला सांगायला तो रोज तोंड उघडायचा आणि मीठ मागायचा.

शुक्रवारी मिस्टर प्रॉसर आले. स्वातीने चहा दिला, कापड आणून टेबलावर ठेवलं आणि स्वतःच्या हाताने उलगडलं. म्हाताऱ्याने डोळ्याला भिंग लावलं, काढलं, आणि पट्टी उलटी करून पाहिली.

"हरीण कुठाय?" स्वातीने विचारलं.

"मी पुसलं," गिरीश म्हणाला. "मला वाटलं, मळ आहे. खाली कोरलेलं असेल असं वाटलं. आय ॲम सॉरी, मिस्टर प्रॉसर. स्वाती, अगं, तुला छान दिसावं म्हणून पुसलं गं."

 मिस्टर प्रॉसरनी सांगितलं, अक्षरा चित्राचं कागदावर ट्रेसिंग घेऊन ठेवत नसे, थेट पट्टीवर काढायची, त्यावरून मी तिला रागवायचो; हरीण काढलंय एवढंच तिने मला सांगितलं होतं, मी ते पाहिलेलं नाही. फोटो असलाच तर तो तिच्या फोनमध्ये, आणि त्याचं कुलूप अजून कुणाला उघडता आलेलं नव्हतं.  मग म्हाताऱ्याने खिशातून पेन्सिल काढली, चहाच्या बशीखालचा कागदी नॅपकिन पुढे ओढला आणि गिरीशला म्हणाला, तुम्ही पाहिलंय ते. तुम्ही सांगाल तसं मी काढतो. चुकलं तर खोडू. तिचंच हरीण कोरू आपण.

हे ऐकून स्वातीच्या जिवात जीव आला. तिने खुर्ची ओढली आणि ती नवऱ्याला खेटून बसली. तिने चार शिव्या घातल्या असत्या तर गिरीशला बरं वाटलं असतं.

"अहो, सांगा ना," ती म्हणाली. "तुम्ही एकट्यानेच पाहिलंय. पळत होतं की उभं होतं? मान कुठे होती त्याची?"

गिरीशने डोळे मिटले. तो पांढरा थर त्याला जसाच्या तसा दिसला. कडेला जाड होता, मध्ये जरा तडकला होता, एका कोपऱ्यात बोटाचा ठसा उमटला होता, तोसुद्धा आठवला. मिस्टर प्रॉसरची पेन्सिल कागदावर थांबली होती. स्वातीने त्याचा दंड धरला होता.

"मी हरीण बघितलंच नाही गं," तो म्हणाला. "मी मळ बघत होतो."