अकलोलीच्या चुलीवरचा टोप

मित्रांनो, मी कामतघरच्या एका चाळीतला जुना टोप आहे. जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा. एका अंगाला चेपलेला, बूड काळंकुट्ट. हल्ली जिन्याखाली पडून असतो. पण माझेही चांगले दिवस होते, आणि ते सगळे उघड्यावर गेले.

कौसल्याने मला भिवंडीच्या बाजारातून आणलं, ते काही घरच्या स्वयंपाकासाठी नाही. तिचा नवरा रामनाथ लूमवर, म्हणजे यंत्रमागावर कामाला होता. बारा बारा तास उभं राहून त्याच्या पायांची नुसती आग व्हायची. डॉक्टरांनी साखरेच्या आजारावर गोळ्या दिल्या होत्या, पण आठवली तर घ्यायची, असा त्याचा खाक्या. त्याचा सगळा भरवसा अकलोलीच्या गरम कुंडांवर. म्हणून दर थंडीत चार दिवस सुट्टी काढून तो, कौसल्या आणि लेक स्नेहल तिथे नदीकाठी मुक्काम ठोकत. आंब्याखाली ताडपत्री, ती बांधायला लूमवरच्या टाकाऊ सुताची दोरी, तीन दगडांची चूल आणि चुलीवर मी!

कौसल्या मोठी जपणारी. चुलीवर चढवण्याआधी ती माझ्या बुडाला ओल्या मातीचा लेप द्यायची, म्हणजे काजळी मातीवर बसते आणि घासताना सहज निघते. आधी भात. तो उतरला की माझंच झाकण उलटं टाकून त्यावर सुकट भाजायची, कांदा परतायचा. झालं जेवण. रामनाथ बोटं चाटत म्हणायचा, "घरच्या ग्यासवर हा सवाद न्हाय गो!" मी आपला फुगून जायचो. कौतुक माझं नसून भुकेचं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

२००६च्या थंडीत रामनाथ कुंडातून बाहेर आला तो नाचतच.

"कौसल्या, दुखत न्हाय! आग न्हाय, मुंग्या न्हाय, कायच न्हाय. पाय मोकला झाला बघ!"

कौसल्याने वज्रेश्वरीच्या दिशेने हात जोडले. तिचे डोळे भरून आले, आणि खरं सांगतो, मलाही भरून आलं. "आज मी रांधतो," म्हणत रामनाथने दोघींना नदीवर कपडे धुवायला पिटाळलं आणि पाय पसरून तो चुलीपाशी बसला.

बुडाला माती लावायची तो विसरला. ते मी सोसलं. पण भात शिजत आला तेव्हा त्याची उजवी टाच चुलीच्या तापलेल्या दगडाला टेकली. मला वाटलं, आता ओरडेल, आता पाय ओढून घेईल. तो मात्र गुणगुणत मीठ चाखत होता. मी खदखदलो, झाकण आपटलं, निखाऱ्यांवर पेज सांडली. "अरे, उतू नको," एवढंच तो म्हणाला. भांड्याच्या जातीला याहून जास्त काय करता येतं? भात उतरला, झाकणावर सुकट पडली, तरी टाच तिथेच होती.

कौसल्या परतली आणि तिने नाक मुरडलं. "सुकट करपवली वाटतं तुमी!" मग रामनाथच्या रांधण्याची चेष्टा करत तिघं हसत हसत जेवली. तो वास सुकटीचा नव्हता.

संध्याकाळी स्नेहलला टाचेवर मोठा फोड दिसला. "बाबा, हे काय?"

"दुखत न्हाय ना? मंग जाऊ दे," रामनाथ म्हणाला. त्यावर हळद दाबली आणि सोमवारी तो ड्युटीवर जाऊन उभा राहिला.

दोन आठवड्यांत टाच काळी पडली. रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की पाय बरा झालाच नव्हता. साखरेने त्याची जाणीव मेली होती. कौसल्या माझ्यात पाणी उकळून जखम धूत राहिली. ज्या भांड्यात जखमेचं पाणी तापलं, त्यात ती पुन्हा अन्न शिजवणार नव्हती, त्यामुळे स्वयंपाकातून मी सुटलो. होळीच्या आधी रामनाथचा पाय गुडघ्याखाली कापला. लूम सुटला. तो आता दिवसभर दाराशी बसून असतो. त्याच्या दुसऱ्या पायाचीही आग गेल्या महिन्यात थांबली. या खेपेला कुणी नाचलं नाही.

मित्रांनो, मला घासा, लख्ख करा, असं मी म्हणणार नाही. माझं जे व्हायचं ते झालं. मागणं एवढंच, घरात कुणाच्या पायाचं जुनं दुखणं एकाएकी थांबलं, तर लगेच हात जोडू नका. खाली बसा, ते पाऊल हातात घ्या, त्याला बोट लावा आणि विचारा, "इथं कळतंय का?"

कौसल्या आता रोज सकाळी तसं विचारते. आणि रामनाथ भिंतीकडे बघत रोज विचारतो, "कुठं?"