मागचा वरचा दिवा

लायसन हातात येऊन चार महिने झाले होते, तरी सुरेखानं अजून एकटीनं गाडी मंगळवार पेठेच्या बाहेर काढली नव्हती. खरं म्हणजे तिला काढू दिली नव्हती. ती चालवायला बसली की श्रेणिक शेजारी बसायचा आणि पायाखाली ब्रेक नसताना उजवा पाय असा काही दाबायचा, की सुरेखाला समोरच्या रस्त्यापेक्षा त्या पायाचीच धास्ती वाटायची. नवरा तसा भला माणूस. भांड्यांच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून घसा बसला तरी घरात कधी आवाज चढवायचा नाही. फक्त बायकोच्या हातात स्टिअरिंग दिसलं, की त्याला घाम फुटायचा.

उद्या रविवारी मात्र ती कागलला जाणार होती, तीही एकटी. कागलात तिची आई होती. गुडघ्यांनी तिला घरात बसवलं होतं. लेक स्वतः गाडी चालवत येणार, आपल्याला शेजारी बसवून बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दर्शनाला नेणार, हे त्या माउलीनं गल्लीतल्या एकूणएक घरात सांगून ठेवलं होतं. लगीनसराईमुळं श्रेणिकला दुकान सोडता येत नव्हतं, आणि गंमत म्हणजे त्यानंच एकदा खुशीत असताना ‘जा की’ म्हणून टाकलं होतं.

शनिवारी दुपारी तो जेवायला आला तो चक्क शीळ घालत. सुरेखाला तेव्हाच संशय आला.

“मागचा वरचा दिवा बंद हाय,” तो पाटावर बसत म्हणाला. “काचंतला. ब्रेक दाबला की खालचे दोन लागत्यात, वरचा न्हाय. शेजारच्या गणपतरावांनी मागनं बघून सांगितलं.”

“मग?”

“मग काय? हायवेला मागं ट्रक असत्यात. तू ब्रेक मारलास आणि ट्रकवाल्याला दिसलंच न्हाय म्हंजे? मिस्त्री गावाला गेलाय. पुढच्या ऐतवारी जा.”

कारण खरं होतं, म्हणूनच सुरेखाचा जास्त जळफळाट झाला. खोटं असतं तर भांडता तरी आलं असतं. नवं लुगडं नेसून सकाळपासून दारात बसलेली आई तिच्या डोळ्यांपुढं आली. तिनं ताटात आमटी जरा जोरात वाढली, इतकंच.

नवरा दुकानाकडं गेला आणि हिनं स्क्रूड्रायव्हर शोधला.

दिवा मागच्या काचेच्या वरच्या कडेला, आतल्या बाजूनं, लांबट काळ्या डबीत होता. मागच्या सीटवर गुडघे टेकून, मान वाकडी करून तिनं डबीचे स्क्रू काढले. एक हातातून सुटून सीटच्या फटीत गेला. तो शोधताना कॉलेजला गेलेल्या लेकीची, प्राचीची, वर्षापूर्वी हरवलेली केसांची पिन सापडली. सुरेखानं ती स्वतःच्या केसांत खोचली आणि पुन्हा कामाला लागली. आतला बल्ब काळा पडला होता. तो रुमालात गुंडाळून ती तडक स्पेअर पार्टच्या दुकानात गेली.

“वैनी, मालकास्नी पाठवा की,” दुकानदार म्हणाला. “बसवायचा कसा ते सांगतो त्यास्नी.”

“मालकास्नी न्हाय बसवायचा. मला सांगा.”

दुकानदारानं सांगितलं. काचेला बोट लावायचं नाही, फडक्यात धरायचा आणि नुसता आत दाबायचा. घरी येऊन तिनं तसाच दाबला, डबी बसवली, स्क्रू आवळले आणि मोठ्या दिमाखात पुढं बसून ब्रेक दाबला. मग तिच्या लक्षात आलं, की दाबणाऱ्याला काही दिसत नसतं. उतरून मागं पळत गेली, तर ब्रेकवरचा पाय सुटलेला. स्वतःच्या खुळेपणाला हसून तिनं शेजारच्या अंबूबाईंना हाक मारली. त्या दारात म्हशी धूत होत्या. तशाच ओल्या हातांनी येऊन त्या मागं उभ्या राहिल्या.

“न्हाय गं बाई,” त्या म्हणाल्या. “खालचं दोन लागलं. वरचा मेला न्हाय लागला.”

सुरेखा पाच मिनिटं स्टिअरिंगवर हात टाकून नुसती बसली. मग पुन्हा मागं गेली, पुन्हा डबी उघडली. बल्ब बसतो तिथल्या पितळी पट्ट्या तिनं पहिल्यांदाच नीट बघितल्या, तर त्या हिरव्या पडलेल्या. आता भांडेवाल्याच्या बायकोला पितळेचं कुणी काय सांगावं? पॉलिशपेपरचा बारका तुकडा घेऊन तिनं त्या पट्ट्या घासघासून पिवळ्याधमक केल्या. सगळं परत बसवलं. तोवर अंबूबाई म्हशी घेऊन धारा काढायला गेल्या होत्या आणि श्रेणिक घरी आला होता. त्यांच्या जैन घरात दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं. तो जेवला, चूळ भरून बाहेर आला, तेव्हा उजेड विरत चालला होता. गल्लीत दुसरं कुणी नव्हतं.

“अहो, जरा गाडीच्या मागं उभं ऱ्हावा. नवा बल्ब बसवलाय. मी ब्रेक दाबतो, लागला का ते सांगा.”

“कुणी बसवला?”

“मी.”

तो गुपचूप मागं गेला. सुरेखानं ब्रेक दाबला आणि आरशात बघितलं. तो काचेशी वाकला होता. त्याचा अख्खा चेहरा लालेलाल झाला होता, आणि चष्म्याच्या दोन्ही काचांत एकेक लाल ठिपका लखलखत होता.

दिवा लागला होता. पण श्रेणिक बोलत नव्हता.

सुरेखानं पाय काढला नाही. त्यानं नुसतं ‘न्हाय’ म्हटलं, की उद्याचं जाणं रद्द. तिला सगळं दिसतंय हे त्याला ठाऊक नव्हतं. बोला की, ती मनात म्हणाली. आता तिला दिव्याची नाही, नवऱ्याची काळजी लागली होती. हा माणूस आज खोटं बोलला, तर उद्या कागलला पोचूनही काही मजा येणार नव्हती.

“लागला,” तो हळूच म्हणाला.

“ऐकू न्हाय आलं.”

“लागला की! लागला!” आता मात्र त्याचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला असावा. तो पुढं आला आणि खिडकीवर हात ठेवून उभा राहिला. “न्हाय म्हणणार होतो बघ. भ्या वाटतंय मला, तू एकटी जाणार म्हटल्यावर.”

“मला न्हाय का वाटत?” सुरेखा म्हणाली. “तरीबी जातो मी.” एवढं बोलून तिला असं हसू फुटलं, की तोही हसायला लागला.

सकाळी त्यानं स्वतः काचा पुसल्या, तिच्या आईसाठी स्टीलचा नवा डबा मागच्या सीटवर ठेवला आणि एकही सूचना न करता दारात उभा राहिला. सुरेखानं गाडी काढली. कोपऱ्यावर अंबूबाईंच्या म्हशी रस्ता अडवून निवांत चालल्या होत्या, म्हणून तिला ब्रेक मारावा लागला. मागनं लगेच आरोळी आली.

“लागला!”

आरशात श्रेणिक रस्त्याच्या मधोमध, काच पुसायचं फडकं हातात उंच धरून उभा होता. म्हशी बाजूला झाल्या, रस्ता मोकळा झाला. आता ब्रेकचं काहीच कारण नव्हतं. तरी वळायच्या आधी सुरेखानं तो एकदा हलकेच दाबला, आणि आरशातलं फडकं पुन्हा वर गेलं.