जेवलो की!

जगातली गरिबी दोन हजार तीस सालापातूर संपवायची, असं म्हणं साऱ्या देशांनी मिळून ठरवलंय. सतरा ध्येयं हाईत त्यांची. आमच्या गावानं ती चार वर्सं आधीच उडवली. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर निळ्या रंगात लिवलंय, 'गरिबीमुक्त, भूकमुक्त गाव'. सरपंच हंबीररावांनी त्या भिंतीफुडं उभं राहून सतरा फोटो काढून घेतलं, दर ध्येयाला एक.

गरिबी गेली कुठनं म्हणून इचाराल, तर माझ्या शेजारच्या गौराक्काच्या घरातनं गेली. जाताना तिचं रेशनचं पिवळं कार्डबी घेऊन गेली.

झालं असं. कोल्हापूरहून शिवानी नावाची पोरगी सर्वे कराय आली, हातात पाटीएवढा टॅब. गौराक्का सत्तरीची, एकटी, मागं ना फुडं कोण. पर दारात पावणं आलं म्हटल्यावर माझ्याकडं पळत आली. "ललिते, वाटीभर दूध दे गं. आणि साखर." मी दिलं. वर चार बिस्किटंबी दिली. माझ्याच दुधाचा च्या पिऊन पोरीनं इचारलं, "आजी, काल रात्री जेवलात का?"

आता मला सांगा, पावण्यानं जेवलासा का म्हणून इचारल्यावर आमच्यात कोण न्हाय म्हणतंय? चूल दोन दिस पेटली नसली तरी माणूस म्हणणार, "जेवलो की! तुमी बसा, पिठलं टाकतो." गौराक्का तेच म्हणाली. पोरीनं टॅबवर बोट दाबलं. संपली भूक! एका बोटानं संपणारी भूक जगानं एवढी वर्सं कशाला ठेवून घेतलीवती, कुणास ठाऊक.

म्हैन्यानं रेशन दुकानदार म्हणाला, "आज्जे, तुझं नाव कमी झालंय. तू आता गरीब न्हाईस." वर हसला मेला.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. माझ्या वाटीभर दुधानं म्हातारीच्या तोंडचा घास गेलता. मी अर्ज केला. तालुक्याच्या हापिसातनं फेरतपासणीची तारीख आली. आठ दिस मी तिला शिकवत होतो, "साहेब जेवलासा का म्हणाला, की न्हाय म्हणायचं. म्हण बघू, न्हाय."

"न्हाय," ती म्हणायची. "पर तुमी जेवलासा न्हवं, साहेब?"

"अगं ए बाई!"

तारखेला सकाळी सातच्या यष्टीनं गेलो. मीबी काय खाल्लं न्हवतं. उपाशी माणसाची साक्ष उपाशी माणसानंच द्यावी, असं आपलं माझं शाणपण. तीन वाजता साहेब दात कोरत आला. फाईल उघडून म्हणाला, "आजी, आज जेवलात का?"

गौराक्कानं पदर चिमटीत धरला. खाली बघत, चोरी कबूल करावी तशी म्हणाली, "न्हाय साहेब. न्हाय जेवलो." सत्तर वर्सांत पयल्यांदा! माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

साहेबानं पेन उचललं. उचलता उचलता मला सहज म्हणाला, "आणि तुम्ही, मावशी? जेवलात?"

"व्हय, जेवलो की! तुमी?"

जीभ झडली माझी! शब्द तोंडातनं गेल्यावर मला कळलं. साहेब दोघींकडं बघाय लागला. "शेजारी राहता, एका गाडीनं येता. तुम्ही जेवलेल्या, आणि ह्या उपाशी?"

"न्हाय साहेब, मीबी उपाशीच हाय. ते आपलं तोंडातनं गेलं..."

"आता बदलू नका," म्हणत त्यानं लिवलं, 'अर्जदाराचे म्हणणे विश्वासार्ह नाही'.

यष्टी स्टँडवर मी ढसाढसा रडलो. साहेबाला शिव्या घातल्या, सतरा ध्येयांना घातल्या, सगळ्यांत जास्त मला सवताला घातल्या. गौराक्कानं पिशवीतनं फडक्यात बांधलेली भाकरी काढली. एकच होती, रातीला ठेवलेली. अर्धी मोडून माझ्या हातावर ठेवली.

"खा," म्हणाली. "साहेबाफुडं जेवलो म्हणालीयास. खोटं पडाय नको."