वदीआबाईंच्या घरातलं बिऱ्हाड

कायद्याची परीक्षा पास होऊन रफीफ वर्षभर घरीच बसली होती. मग मानवी हक्कांवर देखरेख ठेवणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय मिशनने मोसुलच्या कचेरीत तिला सहा महिन्यांसाठी इंटर्न म्हणून घेतलं. इंटर्न म्हणजे काय, हे तिच्या आईला काही केल्या कळेना.

"पगार नाही म्हणतेस, म्हणजे नोकरी नव्हे. रोज सकाळी जातेस, म्हणजे हौसही नव्हे. मग आहे तरी काय?"

"शिकते आहे, आई."

"अजून?"

तिला हाताखाली घेतलं होतं ग्रासिएलाने. ही उरुग्वेची बाई. केस पांढरे, आवाज बसका, आयुष्य असल्याच लढाया झालेल्या देशांत गेलेलं. अरबी तिला येत नव्हती, फक्त 'कशा आहात, घरी सगळे बरे ना' एवढं यायचं. पण ते ती इतक्या मायेने म्हणायची की समोरच्याला वाटे हिला सगळं कळतं, आणि तो धबाधबा बोलत सुटे. मग रफीफने हात वर करून थांबवायचं, ऐकलेलं इंग्रजीत सांगायचं, पुन्हा ऐकायचं.

बोलणं सुरू होण्याआधी ग्रासिएला प्रत्येकाला तेच सांगायची. आम्ही ऐकू, लिहून घेऊ, तुमच्या परवानगीशिवाय तुमचं नाव कुणाला कळू देणार नाही. पण तुमचं माणूस, जमीन, घर, यातलं काही परत मिळवून देणं आमच्या हातात नाही. हे शेवटचं वाक्य अरबीत म्हणताना रफीफची जीभ अडखळायची. ती त्याला जरा मऊ करायची.

एकदा ग्रासिएलाने तिला गाडीत विचारलं, "माझं वाक्य एवढंसं होतं. तुझं एवढं लांब कसं झालं?"

"त्यांना जरा बरं वाटावं म्हणून..."

"बरं वाटावं म्हणून काही सांगू नकोस. आज बरं वाटतं, आणि पुढे त्याचाच जास्त त्रास होतो."

थंडी सरता सरता त्या दोघी अनकावाला गेल्या. एर्बिलला लागून असलेल्या त्या वस्तीत मोसुलमधून निघून गेलेली बरीच ख्रिस्ती कुटुंबं राहत होती. वदीआबाई त्यांतल्याच एक. मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. लग्न केलं नव्हतं. भाऊ बायकामुलांना घेऊन ऑस्ट्रेलियाला गेला, पण या गेल्या नाहीत. दोन खोल्यांत एकट्या राहत होत्या आणि दाराशी आलेल्याला आधी चपला काढायला लावत होत्या.

"मोसुलची का ग तू? शाळा कुठली?"

रफीफने शाळेचं नाव सांगितलं.

"अगंबाई. म्हणजे जीवशास्त्राला ती जाडी असणार. बेडकाचं हृदय कुठे असतं, ते तिला शेवटपर्यंत सापडलं नाही. बस, कलेचा खा."

रफीफने कलेचा, म्हणजे खजूर भरलेलं बिस्कीट, तोंडात टाकला, आणि बाई सांगू लागल्या. शहर ताब्यात घेतलेल्या दाएशच्या अतिरेक्यांनी त्यांच्या फाटकावर रंगाने 'नून' हे अक्षर काढलं, नसारांचं म्हणजे ख्रिस्त्यांचं घर म्हणून. दोन दिवसांत निघा म्हणाले. शहराबाहेरच्या चौकीवर कानातलं काढून घेतलं. बाई हे सगळं वर्गात धडा सांगावा तशा सांगत होत्या, आवाज न चढवता. मग घराकडे वळल्या आणि त्यांचं बोलणं जरा सावकाश झालं.

"नदीच्या डाव्या काठावर घर आहे आमचं. बाबांनी बांधलेलं. स्वयंपाकघराच्या खिडकीला अगदी खेटून तुतीचं झाड. भर दुपारी दिवा लावायला लागायचा. जिन्यात रंगीत काचांची खिडकी आहे, निळ्या-पिवळ्या. खालच्या कोपऱ्यातली एक मात्र साधी. भावाने चेंडू मारून फोडली. बाबांनी तिथे मुद्दाम रंगीत बसवली नाही. म्हणाले, जाता-येता दिसू दे त्याला."

रफीफ इंग्रजीत सांगता सांगता 'साधी'पाशी थांबली. गेल्याच शुक्रवारी ती चहाचा ट्रे घेऊन त्या खिडकीवरून वर गेली होती. ते घर तिच्या सख्ख्या मामाचं होतं. म्हणजे मामा तिथे राहत होता.

"काय झालं?" ग्रासिएलाने विचारलं.

"काही नाही. खालच्या कोपऱ्यातली काच साधी आहे," रफीफ म्हणाली आणि उरलेलं तिने शब्द न गाळता सांगून टाकलं.

आता तिथे कोण राहतं, असं ग्रासिएलाने विचारलं. बाई म्हणाल्या, "कोण ते नाही माहीत. दिवे लागलेले दिसतात म्हणे. मला राहायला जायचं नाही तिथे, ओळखीचं कुणी उरलं नाही. विकायचं आहे. पण माझ्या हाताने. बाबांचं घर कुणीतरी दाबलं म्हणून गेलं, असं नको व्हायला."

निघताना त्यांनी रफीफच्या पिशवीत आणखी कलेचे कोंबले. "पोरी, चेहरा उतरलाय तुझा. लोह कमी पडतंय."

परतीच्या वाटेवर चौकीपाशी ट्रकांची रांग लागली होती. गाडी उभी होती. रफीफने ग्रासिएलाला सगळं सांगितलं. मामाचं जुनं घर नदीपलीकडे उजव्या काठावर होतं, ते बाँबफेकीत गेलं. मग कुणीतरी ओळखीच्याने या रिकाम्या घराची किल्ली आणून दिली. घरात कुणी कधी त्याबद्दल बोललं नाही.

ग्रासिएलाने हातातली वही मिटली.

"सांगितलंस ते बरं केलंस. आजपासून या प्रकरणाला तू हात लावायचा नाहीस, दुसरं कुणीतरी बघेल. आणि घरी एक अक्षर बोलायचं नाही. बाईंनी विश्वासाने सांगितलंय. तक्रार झाल्याचं तुझ्या मामाला कळलं आणि रागाच्या भरात त्याने काही केलं, तर?"

"मामा तसा नाहीये हो."

"मी पुष्कळ मामा पाहिलेत. एकाही मामाची भाची मला म्हणाली नाही की आमचा मामा तसा आहे."

शुक्रवारी आई रफीफला घेऊन मामाकडे जेवायला गेली. गानिममामा शिलाई यंत्रं दुरुस्त करायचा. बोटांना कायम तेलाचा वास, आणि थट्टा केल्याशिवाय घास उतरत नसे.

"या वकीलसाहेब! आज आमचे हक्क मोजणार की आधी जेवणार?"

नजलामामीने खिमा भरलेला ताटाएवढा कुब्बा आणून मधे ठेवला. रफीफ जेवता जेवता आत बघत होती. स्वयंपाकघरात भर दुपारी दिवा लागलेला होता.

"उद्या माणूस येतोय," मामा म्हणाला. "ती तुती तोडून टाकतो. मुळं गटारात शिरलीत, मागचं अंगण सगळं घाण झालंय."

रफीफने हातातला घास ताटात परत ठेवला. पाणी प्यायली. बाईंचं नाव नाही, तक्रारीचं नाव नाही, तिने फक्त विचारलं, "मामा, हे घर कुणाचं आहे?"

मामीने मामाकडे पाहिलं. मग मामी म्हणाली, "कुणाचं म्हणजे? राहतो आम्ही, तर आमचंच."

"नजला, थांब." मामाने भाकरी खाली ठेवली. "तू जेवायला आलीस का चौकशीला? त्या गोऱ्या लोकांच्यात बसून हेच शिकलीस का? माझं घर कुणी नेलं, ते विचारलंस कधी? इतक्या वर्षांत एकदा तरी?"

"रफीफ, माफी माग," आई म्हणाली.

रफीफने माफी मागितली नाही. "नाही विचारलं, मामा," ती म्हणाली. "कुणीच नाही विचारलं. आता सांग ना."

मामा उठून अंगणात गेला. ती त्याच्यामागे गेली आणि पायरीवर बसली.  कचेरीत ती एवढंच शिकली होती की माणूस थांबला तर आपणही थांबायचं, त्याच्या तोंडात शब्द घालायचा नाही.

हळूहळू मामा बोलायला लागला. तळघरात ते सगळे किती दिवस बसून होते. मामीची आई पाणी आणायला वर गेली आणि तेवढ्यात छत कोसळलं. तिला बाहेर काढायला नंतर तोच गेला, कारण दुसरं कुणी तयार होईना. तेव्हापासून तो त्या गल्लीत पाऊल टाकू शकला नव्हता. नवीन घर बांधायचं म्हटलं तर आधी तिथे जायला हवं, आणि तेच त्याला जमत नव्हतं. हे मामीलासुद्धा त्याने कधी सांगितलं नव्हतं. रफीफ ऐकत राहिली. मधे एकदा मामी दारात येऊन उभी राहिली आणि पुन्हा आत गेली.

"चल," शेवटी मामा म्हणाला आणि तिला वर घेऊन गेला. कोपऱ्यातल्या खोलीला कुलूप होतं. रफीफला वाटायचं आत यंत्रांचे सुटे भाग असतील. त्याने ते उघडलं. चादरी पांघरलेली कपाटं, मरियमची तसबीर, पुस्तकं, आणि लाकडी पेटीत एक सूक्ष्मदर्शक. धूळ होती, पण मोडलेलं काही नव्हतं.

"आधी जे दाएशवाले राहत होते ना, त्यांनी अर्धं जाळलं. उरलं ते मी आत ठेवलं. पोरांना शिवू दिलं नाही. कुणी शिकवणाऱ्या बाई होत्या. गल्ली अजून 'बाईंचं घर'च म्हणते. मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे ग."

"मग कळवलं का नाहीस?"

"कळवल्यावर जाऊ कुठे?"

 बरं वाटेल असं काहीतरी रफीफच्या जिभेवर आलं होतं, ते तिने गिळलं.

दुसऱ्या दिवशी तिने ग्रासिएलाला झालेलं सगळं सांगितलं.

"मी त्याला काहीच सांगितलं नाही. फक्त विचारलं."

"प्रश्न तुझा असेल. पण आत्ताच का सुचला?" ग्रासिएला म्हणाली. "ज्या गोष्टीमुळे सुचला, ती तुझी नव्हती."

त्यानंतर उरलेले महिने रफीफला बाहेर नेलं गेलं नाही. ती कचेरीत बसून जुन्या मुलाखतींची भाषांतरं करत होती.

मामा मात्र गप्प बसला नाही. झाड तोडायला आलेल्या माणसाला त्याने परत पाठवलं. आठवडाभर चिडचिड केली, मामीशी भांडला, आणि मग आपल्या पायांनी गल्लीचा कारभार बघणाऱ्या मुख्तारकडे गेला. बाईंचा नंबर मिळवला, फोन लावला. काय बोलणं झालं ते त्याने नंतर रफीफच्या आईला सांगितलं.

"ताई, मला असं झापलं, असं झापलं, पाचवीतल्या पोराला झापतात तसं. मी आपला उभ्याने ऐकतोय. मग म्हणाल्या, सूक्ष्मदर्शक शाबूत आहे का? म्हटलं, आहे. मग रडल्या थोड्या. मी म्हटलं, बाई, झाड तोडणार होतो, पण आता तुम्ही सांगाल तसं. तर म्हणतात, तोडा की! त्या झाडापायी माझ्या आईला स्वयंपाकघरात आयुष्यभर उजेड मिळाला नाही."

ते ऐकून रफीफला हसू फुटलं. त्या तुतीसाठी तिचा जीव किती दिवस टांगणीला लागला होता.

वसंतात बाई वकिलाला घेऊन मोसुलला आल्या. मिशनमधला दुसरा अधिकारी सोबत होता. रफीफ गेली नाही, तिला जाता येणारही नव्हतं. पोरांच्या परीक्षा होईपर्यंत मामाने राहावं, मग घर सोडावं, असं ठरलं. शेजारच्या औषधवाल्याने घर विकत घेतलं, बाईंनी सांगितलेल्या किमतीला. वरच्या खोलीतलं सामान त्या टेम्पोत घालून घेऊन गेल्या.

मामीने रफीफशी बोलणं टाकलं. "भाचीला जेवायला वाढलं, आणि डोक्यावरचं छप्पर गेलं," असं ती भेटेल त्याला सांगे. आईही मधूनच उसासे टाकत असे. रफीफचं काम संपलं त्या दिवशी तिने ग्रासिएलाला विचारलं, "मी चुकले का?"

"हो," ग्रासिएला म्हणाली. "आणि या वेळी कुणाला इजा झाली नाही. दोन्ही लक्षात ठेव." मग तिने रफीफला घट्ट जवळ घेतलं.

मामाने उजव्या काठावर, जुन्या गल्लीपासून जरा अंतरावर, दुसऱ्या मजल्यावरच्या खोल्या भाड्याने घेतल्या. उन्हाळा सुरू झाला होता. सामान हलवायच्या दिवशी रफीफ न बोलावता गेली. सकाळपासून मामी तिच्या बाजूने तोंड वळवून फिरत होती. दुपारी मोठी गादी वर चढवताना मामी जिन्याच्या वळणावर अडकली. ना पुढे जाता येई ना मागे. घाम पुसायलाही हात मोकळा नव्हता.

"उभी काय राहिलीस?" ती ओरडली. "ते टोक धर. आणि भिंतीला घासू नकोस, रंग ओला आहे."

रफीफने टोक धरलं.